हिवाळ्यात परसातल्या तळ्याची आणि त्यातल्या जिवांची काळजी कशी घ्यावी?

पाटाकडची (चोपडा)

नमस्कार मंडळी.

चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा मळा आहे. घराच्या मागच्या अंगाला आम्ही एक लहान तळे केले आहे. त्याची लांबी चार मीटर, रुंदी तीन मीटर आणि मधोमध खोली अडीच फुटांच्या आसपास आहे. काळ्या जमिनीत सिमेंटचा हौद टिकत नाही, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की त्यालाही तडे जातात, म्हणून शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरला आणि काठाने दगड रचले. पाण्यात कमळाच्या दोन कुंड्या आहेत, कडेला वेखंड आणि लव्हाळा आहे. मासे म्हणाल तर गप्पी भरपूर आणि आठ-दहा कोई.

पावसाळ्यात इथे बेडकांचा इतका गलका असे की रात्री घरात बोललेले ऐकू येत नसे. दिवाळी झाली आणि ते एकाएकी दिसेनासे झाले. कमळाची पाने पिवळी पडून वाळत चालली आहेत, कोई तळाशी बसून राहतात आणि टाकलेले खाद्य तसेच तरंगत राहते. पाण्याची पातळीही रोज थोडी थोडी उतरते आहे. ते बाष्पीभवन आहे की कागदाला कुठे छिद्र पडले आहे हे कळत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याला विचारले तेव्हा त्याने तिकडची पद्धत सविस्तर लिहून पाठवली: पाण्यावर चेंडू तरंगत ठेवावा, बर्फ धरला तर गरम पातेले टेकवून त्याला भोक पाडावे, जाळी टाकून पानगळ अडवावी, माशांचे खाणे बंद करावे. आपल्याकडे बर्फ धरत नाही हे मलाही कळते, परंतु यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवता येत नाही. घरातल्यांचे म्हणणे असे की सगळे पाणी उपसून, तळ खरवडून, नव्याने बोअरचे पाणी भरावे. त्यातच मागच्या आठवड्यात काठच्या दगडांवर ऊन खात पडलेला एक साप दिसला. जाणकारांनी तो दिवड असल्याचे सांगितले, तरी घरातली लहान मुले आता तिकडे जायला घाबरतात. शेजारचे काका तर तापीतून एखादे कासव आणून सोडा म्हणतात, म्हणजे पाणी स्वच्छ राहील.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मासे जगावेत ही इच्छा आहेच, पण त्याहून अधिक इच्छा ही आहे की पावसाळ्यात जी वर्दळ इथे होती ती पुढच्या पावसाळ्यात परत यावी.

वाघूरकाठ (जळगाव)

ताई, तुमच्या भाच्याने लिहिलेले सगळे बरोबर आहे, फक्त ते ज्या कारणांसाठी करायचे ती कारणे आपल्याकडे आहेत का हे एकेक करून पाहावे लागेल.

थंड देशात तळ्याला खरा धोका बर्फाच्या झाकणाचा असतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे त्याहून थंड पाणी वर राहते आणि गोठण्याची सुरुवात वरून होते, तर तळाशी मासे आणि बेडूक तग धरतात. परंतु वरचा थर दिवसेंदिवस बंद राहिला की कुजणाऱ्या पानांतून निघणारे वायू आत कोंडतात आणि बाहेरचा प्राणवायू आत येत नाही. चेंडू आणि गरम पातेले यांचा उपयोग तेवढ्यासाठीच असतो, आणि बर्फ हातोड्याने फोडू नये असे सांगतात ते त्या दणक्याने माशांना इजा होते म्हणून. आपल्याकडे हे प्रकरणच उद्भवत नाही. चोपड्याला थंडीच्या लाटेत हवा ७-८ अंशांपर्यंत उतरली, तरी दुपारी पुन्हा २६-२७ होते आणि अडीच फूट पाणी रात्रभरात एवढी ऊब गमावत नाही. उलट थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंशांना लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे माशांना श्वास घेण्याच्या दृष्टीने आपल्याकडचा कठीण काळ वैशाख आहे, पौष नव्हे. त्यामुळे चेंडू आणि पातेले हे दोन्ही तुम्ही निःशंकपणे सोडून द्या.

खाण्याबद्दलचा सल्ला मात्र आपल्यालाही लागू आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते आणि त्याबरोबर त्याची पचनशक्तीही. कोई आणि गोल्डफिश यांच्या बाबतीत पाणी १० अंशांच्या खाली गेले तर खाद्य पूर्ण बंद करतात आणि १० ते १५ च्या दरम्यान अगदी थोडे व हलके देतात. तुमच्या तळ्यातले पाणी १० अंशांपर्यंत उतरणार नाही, पण पहाटे १५-१६ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि तेवढ्यानेही कोई सुस्तावतात. ते तळाशी बसले आहेत याचा अर्थ आजारी आहेत असा नाही. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सकाळी सातला आणि दुपारी तीनला पाणी मोजा. खाद्य सकाळी न देता दुपारी, ऊन पाण्यावर आल्यानंतर द्या, आणि चार-पाच मिनिटांत संपेल एवढेच द्या. उरलेले लगेच काढून घ्या. न खाल्लेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि माशांचे मरण ओढवते ते बहुधा त्यामुळे. लोक मात्र थंडीने मासे मेले असे समजतात.

गप्पींची गोष्ट वेगळी आहे. तो दक्षिण अमेरिकेतला, उष्ण पाण्यातला मासा आहे आणि सलग थंडीत त्यातले काही मरतात. त्यासाठी हीटर वगैरेच्या मागे लागू नये. जे वाचतात त्यांची संख्या उन्हाळ्यापर्यंत पूर्ववत होते.

कारंजे किंवा पंप असेल तर थंडीत तो रात्री बंद ठेवून सकाळी ऊन आल्यावर सुरू करावा, कारण रात्रभर हवेत उडणारे पाणी अधिक गार होते. अपवाद एकच: पाणी गडद हिरवे असेल आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर पंप पहाटेच लावावा, कारण हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते.

सातपुडा-पायथा (शहादा)

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि माझ्या परसातही असेच एक तळे आहे, म्हणून बेडूक, पक्षी आणि दिवड यांच्याबद्दल लिहिते.

ताई, तुमचे बेडूक गेलेले नाहीत, ते जमिनीत आहेत. इंग्लंडमधले काही बेडूक हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी बसून त्वचेवाटे श्वास घेतात, म्हणून तिथे बर्फाखाली कोंडून मेलेले बेडूक सापडतात. आपल्याकडे पावसाळ्यात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक किंवा मातीत पाय रोवून शिरणारे लहान बेडूक हे पाऊस सरल्यावर ओलसर मातीत, बिळांत, दगडांखाली शिरतात आणि हिवाळा-उन्हाळा दोन्ही तिथेच काढतात. खरखरीत कातडीचा भेक तुम्हाला कुंड्यांखाली, विटांच्या ढिगात सापडेल. पाण्यावरून टुणटुण उड्या मारत पळणारा एक बेडूक मात्र पाणी असेल तिथे बारा महिने राहतो. दुपारच्या उन्हात काठाशी शांत उभ्या राहिलात तर त्याचे फक्त डोळे पाण्याबाहेर दिसतील. याचा व्यावहारिक अर्थ असा की तळ्याभोवतीची हातभर जमीन आता खणू नये, तिथले दगड उलटेपालटे करू नयेत आणि पालापाचोळ्याचा ढीग पेटवू नये. पुढच्या जूनमधला गलका आज त्या मातीत आहे.

त्याच कारणासाठी तळ खरवडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. चतुर आणि टाचण्या या उडणाऱ्या कीटकांचे आयुष्य बरेचसे पाण्याखाली जाते. त्यांच्या अळ्या तळातल्या गाळात आणि वेखंडाच्या मुळांत राहतात आणि डासांच्या अळ्यांवर जगतात. पावसाळ्याच्या अखेरीस थव्याने उडणारे पिवळसर चतुर तुम्ही पाहिले असतील. ते वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि ऑक्टोबरपासून मालदीवच्या बेटांवर मोठ्या संख्येने उतरतात. पण जे जात नाहीत त्यांची पुढची पिढी तुमच्या अडीच फूट पाण्यात आहे. पाणी उपसले तर ती पिढी गाळाबरोबर बांधावर फेकली जाईल. वेखंडाच्या आणि लव्हाळ्याच्या वाळलेल्या काड्याही उभ्याच राहू द्या, कारण अळी पाण्याबाहेर येते ती त्याच काडीवर चढून, आणि तिथेच तिची कात फाटून चतुर बाहेर पडतो.

हिवाळ्यात तुमच्या तळ्यावर येणारे पाहुणे पावसाळ्यापेक्षा निराळे असतील. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर उतरणारी बदके आणि चक्रवाक आपल्या परसात येणार नाहीत, परंतु शेपटी सतत खालीवर हलवणारा धोबी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत काठाच्या चिखलातले किडे टिपताना नक्की दिसेल. दादर (रब्बी ज्वारी) निसवली की भोरड्यांचे थवे शिवारात उतरतात आणि दुपारी पाण्यावर येतात. त्यांना पिण्यासाठी आणि आंघोळीसाठी बोटभर खोलीची जागा लागते. तुमच्या कागदाच्या कडा सरळ उतरत्या असतील तर एका कोपऱ्यात चपटे दगड आणि रेती टाकून उथळ उतार करून द्या. त्या ओल्या रेतीवर फुलपाखरेही क्षार शोषायला बसतात. हा उतार आणखी एका कारणाने आवश्यक आहे. प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पाणी प्यायला आलेली खार, मुंगूस किंवा एखादे पिल्लू आत पडले तर त्याला बाहेर निघता येत नाही. उतार होईपर्यंत निदान एक गोणपाट काठावर दगडाने दाबून पाण्यात सोडून ठेवा.

आता दिवड. ती बिनविषारी आहे. पकडायला गेले तर रागाने चावते, पण आपण होऊन कोणाच्या अंगावर येत नाही. मासे आणि बेडूक हे तिचे अन्न आहे, आणि थंडीत तिला दगडावरचे ऊन हवे असते, म्हणून ती आता उघड्यावर दिसली. हिवाळ्याच्या अखेरीस ती काठच्या बिळांत अंडी घालते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला संरक्षण आहे, तेव्हा तिला मारणे हा गुन्हाही ठरतो. मुलांना दुरून दाखवा, तिच्या अंगावरची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी ओळखायला शिकवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला किंवा बगळ्याला अडवण्यासाठी बारीक नायलॉनची जाळी पाण्याकाठी सैल टाकू नका. तिच्यात अडकून साप आणि पक्षी तडफडून मरतात. घोणस, मण्यार यांची शंका आली तर मात्र जवळ जाऊ नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर कळवावे. घोणशीच्याच भीतीपोटी मी पाल्याचा ढीग तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, घरापासून आणि पायवाटेपासून दूर ठेवते, आणि अंधारात तिकडे विजेरीशिवाय कोणाला जाऊ देत नाही.

कासवाचे काकांना नम्रपणे सांगा की तापीतली मऊ पाठीची कासवे त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना पकडणे आणि घरी पाळणे दोन्ही गुन्हा आहे. शिवाय कासवाने पाणी स्वच्छ होत नाही, ते नदीतच असू द्यावे. दुकानात मिळणारी, कानामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवेही आणू नका. ती वाढली की लोक त्यांना नदीत सोडतात आणि मग ती तिथल्या कासवांच्या वाट्याचे खातात.

केळीबाग (रावेर)

ताई, माशांचे आणि बेडकांचे वर आलेच आहे, मी पाण्याचे आणि पाल्याचे सांगतो.

प्रथम पातळी. तुमचे तळे १२ चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की १२ लिटर पाणी गेले असे समजा. कोरड्या हवेत, वारा असताना रोज ४ मिलिमीटर उतरले तर ४८ लिटर होतात, आणि एवढे तर आपल्याकडे थंडीतही उडून जाते. गळती आहे का हे पाहण्यासाठी एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून, तळ्यातल्या उथळ दगडावर अशी ठेवा की तिचा बराचसा भाग पाण्यात राहील. बादलीत आणि बाहेर दोन्हीकडे पातळीची खूण करा आणि तीन-चार दिवस बादलीत किंवा तळ्यात भर घालू नका. दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या तर ते बाष्पीभवन आहे. तळे बादलीपेक्षा जास्त उतरले तर कागद तपासावा लागेल.

बोअरचे पाणी भरताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. खोलातले पाणी हिवाळ्यातही कोमट असते (पहाटे बागेत पाणी धरणाऱ्यांना हे ठाऊक आहे), त्यामुळे गार तळ्यात ते एकदम सोडले तर माशांना तापमानातला फरक सोसत नाही. शिवाय त्यात विरघळलेला प्राणवायू फार कमी असतो. म्हणून नळी वर बांधून, दगडावर आपटून, झिरपत पडू द्या आणि एका वेळी एक दशांशाहून अधिक भर घालू नका. तापीकाठच्या आपल्या पट्ट्यात पाणी जड, म्हणजे क्षारांचे आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि वरून पुन्हा क्षारांचेच पाणी येते, म्हणून नुसती भर घालत राहण्याऐवजी अधूनमधून तळातले थोडे पाणी पाइपने काढून केळीला किंवा फुलझाडांना द्यावे आणि मग तेवढे नवे भरावे. ते पाणी झाडांना उत्तम खत आहे. नगरपालिकेच्या नळाचे पाणी असेल तर ते उघड्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून, क्लोरीन उडून गेल्यानंतरच वापरावे.

तळ पूर्ण खरवडू नये हे शहाद्याच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु गाळ अजिबात हलवू नये असे मी म्हणणार नाही. कागदाच्या तळ्यात गाळ मुरत नाही, साचतच जातो, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की तोच कुजून वास सुटतो. त्यावर तोड अशी की तळाचा तिसरा हिस्सा एका वर्षी घ्यावा आणि उरलेला पुढच्या दोन वर्षांत. काढलेला गाळ एक-दोन दिवस काठावरच, पाण्याच्या दिशेने उतरता ठेवावा म्हणजे त्यातल्या अळ्या आणि गोगलगायी परत सरकतात. हे काम थंडीच्या कडाक्यात करू नका, होळीच्या आसपास करा.

पानगळीचा काळही तिकडच्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये पाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात, आपल्याकडे बदामाची लाल पाने जानेवारी-फेब्रुवारीत आणि कडुनिंब, पिंपळ हे फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात. म्हणजे जाळी आता टाकून उपयोग नाही, ती माघात हवी. शेडनेटचा तुकडा तळ्याच्या वर हातभर उंचीवर ताणून बांधावा, सैल सोडू नये आणि एक बाजू फूटभर मोकळी ठेवावी म्हणजे पक्ष्यांची ये-जा थांबत नाही. पानगळ संपली की काढून टाकावी. कडुनिंबाचा पाला मात्र एरवीही रोज काढा. त्यातले जे द्रव्य पिकावरच्या किडींना कात टाकू देत नाही, ते पाण्यातल्या अळ्यांनाही बाधते.

कमळाची चिंता करू नका, ते विश्रांतीला गेले आहे. वाळलेली पाने काढताना देठ पाण्याच्या वर चार बोटे ठेवून कापा. देठ पोकळ असतो, पाण्याखाली कापला तर पाणी त्यातून कंदापर्यंत जाते आणि कंद सडण्याची भीती असते. आता खत घालू नका. फेब्रुवारीच्या अखेरीस नवी पाने वर येताना दिसली की कुंडीतली माती बदलणे, कंद वेगळे करणे ही कामे करावीत.

थंडीत केळीला चरका बसू नये म्हणून आपण बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतो, तसेच तळ्याच्या उत्तर आणि पूर्व बाजूला लावले तर थंड वारा अडतो आणि पाणीही कमी उडते. परंतु दक्षिणेची बाजू उघडी ठेवा, हिवाळ्यातले ऊन तिकडूनच येते. केळीला शेकण्यासाठी रात्री जो काडीकचरा पेटवतात तो तळ्याजवळ पेटवू नये.

आणि ज्या गोष्टीला मी सर्वांत जास्त भितो ती थंडी नव्हे, फवारणी आहे. हरभऱ्यावर घाटेअळी येते ती याच दिवसांत, आणि त्यासाठी वापरली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, अगदी थोडी मात्राही पुरते. वारा तळ्याकडे वाहत असताना शेजारी फवारणी होऊ नये म्हणून आधीच बोलून ठेवा, आणि फवारणीचा पंप, डबे, हातपाय त्या पाण्यात कोणी धुणार नाही याकडे स्वतः लक्ष ठेवा. मजूर जवळचे पाणी पाहून सहज धुतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना सांगितलेले नसते.

पाटाकडची (चोपडा)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले याबद्दल मनापासून आभार. पाणी उपसण्याचा बेत घरी सांगून रद्द केला आहे आणि गोणपाट आजच सोडला.

आणखी दोन गोष्टी विचारते. गप्पींमुळे डास होत नाहीत असे आरोग्य खात्याचे कर्मचारी सांगतात, आणि इथे तर चतुराच्या अळ्या डास खातात असे कळले, मग गप्पी ठेवावेत की काढावेत? दुसरे असे की एक भुरा बगळा रोज सकाळी येऊन काठावर बसतो आणि कोई कमी होत आहेत असे वाटते. जाळी टाकायची नाही तर त्याला कसे थोपवावे?

पांझराकाठ (धुळे)

ताई, गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरे आहे, म्हणूनच आरोग्य विभाग ते हौदांत आणि टाक्यांत सोडतो. पण ते भूक लागली की बेडकांची लहान पिल्लेही टोचतात. बंदिस्त तळ्यात आधीपासून आहेत तर राहू द्या, एका कोपऱ्यात दगड आणि दाट वनस्पती अशी रचा की बेडकांच्या पिल्लांना लपायला जागा मिळेल. फक्त जास्त झालेले गप्पी पाटात किंवा नाल्यात कधीही सोडू नका. जागा असेल तर शेजारी एक लहान, बिनमाशांचे डबके वेगळे करावे, बेडूक तिथे अधिक आनंदाने अंडी घालतील. त्या डबक्यात डास वाढू लागले तर बीटीआय नावाचे जिवाणूंपासून केलेले औषध मिळते, ते डासांच्या अळ्यांवर चालते आणि बेडूक-माशांना अपाय करत नाही. जळके ऑइल किंवा रॉकेल मात्र पाण्यावर कधी टाकू नका, पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारा प्रत्येक कीटक त्याने मरतो.

आमच्याकडे धुळ्याला पारा काही वर्षी ५ अंशांच्या आसपास येतो आणि सातपुड्यात डाब, तोरणमाळकडे तर गवतावरचे दव गोठते. तशी लाट सांगितलेली असेल त्या दिवसांत माशांना काहीही खायला देऊ नका, दोन-चार दिवसांच्या उपासाने कोईंना काहीच होत नाही.

वाघूरकाठ (जळगाव)

बगळ्याबद्दल: तो वंचक नावाचा लहान बगळा असणार. त्याला उथळ कडेला उभे राहून शिकार करता येते, खोल पाण्यात उतरता येत नाही. थंडीत कमळाची पाने गेल्यामुळे माशांवरचे छप्पर गेले आहे आणि सुस्तावलेले मासे त्याला सहज दिसतात. सहा इंची पाइपचे तुकडे किंवा फुटक्या माठांचे मोठे अर्धे भाग मधल्या खोल जागी आडवे टाका, कोई त्यात शिरतात. पक्ष्यांसाठी जो उथळ उतार कराल तो माशांच्या बसण्याच्या जागेपासून दूरच्या कोपऱ्यात करा, आणि उतार व खोल भाग यांच्यामध्ये दगडांची एक ओळ पाण्याखाली ठेवा. एवढे करूनही तो काही गप्पी नेईल. ते नेऊ द्यावेत, तळे त्याच्यासाठीही आहे.

आणि बादलीची चाचणी करून आकडे इथे जरूर लिहा. गळती निघाली तर पाणी भरणे थांबवून पातळी कुठे येऊन स्थिरावते ते पाहा. छिद्र त्याच रेषेत असते, किंवा तिच्या थोडे वर. तेवढाच पट्टा कोरडा करून पुसून घेतला की शेततळ्याचा कागद जोडणारे कारागीर गरम हवेच्या यंत्राने त्यावर ठिगळ बसवून देतात, त्यासाठी तळे रिकामे करावे लागत नाही. पातळी फूटभराच्या खाली जाऊ लागली तर मात्र वाट पाहू नका, कोई आधी हौदात हलवा आणि त्या हौदात तळ्यातलेच पाणी भरा.